सप्लिमेंट घेण्याआधी आणि घेताना: भरती आणि जिमच्या नवख्यांसाठी

जिमला जायला लागून महिना होत नाही तोच कोणीतरी विचारतं, "प्रोटीन कुठलं चालू आहे?" पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या कानावर तर हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. १६०० मीटरची वेळ कमी होत नसते, पोटऱ्या भरून आलेल्या असतात, मेस आणि खोलीभाडं भागवून हातात थोडेच पैसे उरतात, आणि त्यातून दोन-अडीच हजारांचा डबा घ्यायचा की नाही हे ठरवायचं असतं. समोर सल्ला देणारा बहुतेक वेळा तोच डबा विकणारा असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. सप्लिमेंट ही सगळ्यात शेवटी करायची खरेदी आहे. त्याआधी रक्त तपासायचं, ताटात काय पडतंय ते मोजायचं आणि झोप नीट लावायची. एवढं करून काही उणं राहिलं तर दुकानातल्या सगळ्या डब्यांपैकी दोन-तीनच गोष्टी पैसे घालण्यासारख्या आहेत. खाली सगळं क्रमाने दिलं आहे, आणि हा क्रम मोडू नका.

पायरी १: डब्याआधी रक्त तपासा

दम लागतो, पाय जड वाटतात, दोन दिवस झाले तरी अंग मोकळं होत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय प्रोटीनवर घेऊ नका. हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढ्या तपासण्या जवळच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. सगळ्या एकदम परवडत नसतील तर सीबीसी आणि बी१२ ने सुरुवात करा.

बी१२ चा आग्रह मी उगीच धरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे परिसरातल्या खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय पुरुषांचं रक्त त्यांनी तपासलं, तर सुमारे दोन तृतीयांश जणांत बी१२ कमी निघालं, आणि सगळ्यात जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. घरात शाकाहार असेल आणि दूधही चहापुरतंच येत असेल तर कमतरता असण्याची शक्यता मोठी आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांनीही हे तपासावं, कारण दोन्हींमुळे बी१२ कमी शोषलं जातं.

ड जीवनसत्त्वाची गंमत अशी की उन्हाच्या देशात राहूनही ते अनेकांत कमी असतं. त्यासाठी डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची गोळी किंवा पावडर आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. घात इथेच होतो. कोर्स संपला तरी काही जण ती मेडिकलमधून आणून घेतच राहतात, आणि काही जण आठवड्याची गोळी रोज घेतात. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते फार वाढलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. उलट्या होतात, किडनीवर ताण येतो. ठरलेला कोर्स करा आणि पुढचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

मुलींसाठी लोह सगळ्यात महत्त्वाचं. कधी कधी हिमोग्लोबिन ठीक दिसतं, पण फेरिटिन तळाला गेलेलं असतं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलीला याचा फटका थेट धावताना जाणवतो. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. चहा-कॉफीबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते, म्हणून मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. मात्र तपासणी न करता लोह सुरू करू नका. ज्याला गरज नाही त्याच्या शरीरात ते साठत जातं आणि अपाय करतं.

पायरी २: ताटाचा हिशोब मांडा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत. नियमित व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात. दर किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम धरलं तर बहुतेकांचं भागतं. म्हणजे ६० किलोच्या मुलाला रोज ८४ ते ९६ ग्रॅम.

हा आकडा ऐकून मुलं घाबरतात आणि थेट दुकान गाठतात. थांबा, आधी मोजून पाहू. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर २० ग्रॅम प्रथिनं आली. ३० ग्रॅम तूरडाळीच्या आमटीतून ६, ५० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून १०, अर्धा लिटर गाईच्या दुधातून १६, तीन अंड्यांतून १८ आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. झाले ७७. त्यात ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घातल्या की आणखी १५, म्हणजे एकूण ९२. एकही डबा न उघडता काम झालं. अंडी खात नसाल तर त्या जागी १०० ग्रॅम पनीर घ्या, तेवढीच प्रथिनं मिळतात.

इथे मेसची खरी अडचण आहे, ती मला मान्य आहे. मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते आणि उसळ आठवड्यातून एकदा मिळते. म्हणून मेसवर अवलंबून असणाऱ्यांनी खोलीवर तीन गोष्टी कायम ठेवाव्यात: फुटाणे, शेंगदाणे आणि सोयाबीनच्या वड्या. वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, घट्ट पिळून, कांदा-तिखट-मीठ-लिंबू घालून खाता येतात. इंडक्शन असलं की झालं. इलेक्ट्रिक केटलमध्ये अंडी उकडता येतात. अशा जेवणाचा महिन्याचा खर्च डब्यापेक्षा बराच कमी येतो.

एका वहीत आठवडाभर सगळं लिहा. काय खाल्लं, साधारण किती, आणि त्यातून किती प्रथिनं. अंदाज चुकले तरी चालतील. आठव्या दिवशी तुम्हाला स्वतःलाच कळेल की कमी पडतंय ते सकाळी, दुपारी की रात्री. बहुतेकांचा नाश्ता पोहे-उपमा-चहावर उरकतो आणि तिथे प्रथिनं जवळजवळ नसतात. तिथे दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी घातली तरी निम्मा प्रश्न सुटतो.

कोल्हापूरच्या तालमीतल्या खुराकाचं उदाहरण अनेक जण देतात: लिटरने दूध, बदामाची थंडाई, तूप. पण तो खुराक पचवणारा मल्ल पहाटेपासून जोर-बैठका आणि मेहनत करतो, संध्याकाळी पुन्हा लाल मातीत उतरतो. तासभर व्यायाम करून बाकी दिवस अभ्यासिकेत बसणाऱ्याने तेवढं खाल्लं तर पोट सुटेल. खुराक मेहनतीच्या मापानेच असावा.

पायरी ३: झोप, पाणी आणि विश्रांतीचा दिवस

व्यायामाने स्नायूंवर ताण येतो आणि ते भरून येतात विश्रांतीत. सात-आठ तास झोप नसेल तर कुठल्याही पावडरीने ती भरपाई होत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला मैदान, असं चालू असेल तर आधी ते बदला.

नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणं साहजिक आहे. ते दुखणं घालवायला रोज वेदनाशामक गोळी घेऊ नका. विशेषतः घाम गाळून पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला जड जातात. हलकं चालणं, पुरेसं जेवण आणि एक दिवस सुट्टी यांनी दुखणं उतरतं.

तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. एप्रिल-मेच्या उन्हात दीड-दोन तास घाम गाळला तर मीठही परत द्यावं लागतं. मीठ घातलेलं ताक, लिंबू-सरबत किंवा ओआरएस चालतं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, बस्स. रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नाही. उन्हातल्या धावण्याची गोष्ट मी गंभीरपणे सांगतो आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे जीव गेले होते. सराव पहाटे किंवा संध्याकाळी करा, आणि ताप असेल त्या दिवशी अजिबात धावू नका.

पायरी ४: एवढं करूनही घ्यायचंच असेल तर

व्हे प्रोटीन. हे दुधातलंच प्रथिन, चीज करताना उरणाऱ्या निवळीपासून काढलेलं. ते औषध नाही आणि स्टेरॉइडही नाही. ताटाचा हिशोब मांडून रोज २०-२५ ग्रॅम कमी पडत असतील आणि जेवणातून ते भरणं जमत नसेल, तर एक स्कूप ती जागा भरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रोटीन पावडर टाळण्याचाच सल्ला आहे. मी त्याचा अर्थ असा घेतो की ताट बाजूला सारून डबा धरू नका; मोजून-मापून एक स्कूप निरोगी माणसाला चालतो. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात घेतलं नाही तर वाया गेलं, हे खरं नाही. दिवसभरात एकूण किती गेलं याला महत्त्व आहे. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल, तर कॉन्सन्ट्रेट या साध्या प्रकाराऐवजी आयसोलेट हा जास्त गाळलेला प्रकार घ्या. त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फार कमी असतं. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

क्रिएटिन मोनोहायड्रेट. स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारं हे द्रव्य शरीरातही असतं. सगळ्या कपाटात सगळ्यात जास्त अभ्यास झालेली आणि त्या मानाने स्वस्त गोष्ट ही आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, पाण्यात. सुरुवातीला आठवडाभर २० ग्रॅमचं 'लोडिंग' करायलाच हवं असं नाही. रोज ३ ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत स्नायूंतला क्रिएटिनचा साठा भरतो. क्रिएटिन मांस-मासळीतून मिळतं, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत ते मुळात कमी असतं आणि त्याला फरक जास्त जाणवू शकतो. फायदा होतो तो कमी वेळाच्या जोरकस कामात: वजन उचलणं, गोळाफेक, १०० मीटर.

भरतीच्या मुलांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी धरलं जातं आणि वजन किलो-दोन किलोने वाढू शकतं. १६०० मीटर धावताना ते वजनही वाहून न्यावं लागतं. मैदानी चाचणी महिन्यावर आली असेल तर क्रिएटिन सुरू करू नका. सहा महिने हातात असतील तर करून पाहा आणि वेळ मोजा. आणखी एक: क्रिएटिन चालू असताना रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं. डॉक्टरांना आधीच सांगा, नाहीतर विनाकारण किडनीची भीती मागे लागते.

कॉफी. सरावाआधी पाऊण तास घेतलेली एक कप कॉफी धावण्यात खरोखर मदत करते. महागड्या 'प्री-वर्कआउट' डब्यांत मुख्य काम करतं ते कॅफिनच, आणि काहींच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असतं. निरोगी प्रौढासाठी दिवसाची मर्यादा साधारण ४०० मिलिग्रॅम धरली जाते. रिकाम्या पोटी स्कूप, वर दोन चहा आणि एक एनर्जी ड्रिंक असं झालं की छातीत धडधडणं आलंच. संध्याकाळी घेतलेलं कॅफिन रात्रीच्या झोपेवर येतं, आणि मग तिसऱ्या पायरीवर पाणी पडतं. अठरा वर्षांखालच्यांनी प्री-वर्कआउटच्या वाटेला जाऊ नये.

माशाच्या तेलाबद्दल थोडक्यात. कोकणात किंवा गोव्यात राहून आठवड्यातून दोनदा बांगडा-तारली खात असाल तर कॅप्सूलची गरज नाही. घेणार असाल तर मागचा बारीक मजकूर वाचा: पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण कामाची ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं मिळून अनेकदा ३०० च असतं.

पायरी ५: यांच्यावर पैसे घालू नका

पुरेशी प्रथिनं पोटात जात असतील तर बीसीएएचा, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्यांपैकी तीन अमिनो आम्लांच्या पावडरीचा, वेगळा उपयोग नाही. ती अमिनो आम्लं डाळ-भातात, दुधात, अंड्यात आहेतच. वजन वाढवायचा मास गेनर म्हणजे मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चची पावडर) आणि साखर. तेवढ्या कॅलरी केळी, दूध, शेंगदाणे आणि गुळातून स्वस्तात मिळतात. व्यायामानंतर क आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले तर व्यायामाने शरीरात होणारा चांगला बदलच मंदावू शकतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. आवळा खा, संत्रं खा, डोस नको.

अश्वगंधा 'नैसर्गिक' म्हणून सर्रास घेतली जाते. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडच्या औषधांबरोबर ती जुळत नाही. गरोदरपणात तर नकोच.

फॅट बर्नर आणि 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर' यांना मी थेट नाही म्हणतो. लेबलवर न लिहिलेली द्रव्यं सापडण्याचा धोका याच प्रकारांत सगळ्यात जास्त असतो. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी कोणी इंजेक्शन किंवा बिननावाची गोळी देऊ केली तर तिथून उठून निघून या.

पायरी ६: डबा हातात घेऊन वाचा

पुढचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. एक सर्व्हिंग किती ग्रॅमचं आणि त्यात प्रथिन किती, हे दोन आकडे शोधा. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिन म्हणजे सुमारे ७३ टक्के. चांगल्या कॉन्सन्ट्रेटला हे शोभतं. स्कूप ५० ग्रॅमचा आणि प्रथिन १५ असेल तर तुम्ही पैसे साखर-पिठाला देताय. मग किमतीचा हिशोब करा. समजा २,४०० रुपयांच्या डब्यात ३० सर्व्हिंग आहेत, प्रत्येकात २४ ग्रॅम प्रथिन. एकूण ७२० ग्रॅम प्रथिन, म्हणजे ग्रॅमला सव्वातीन रुपयांच्या वर. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत.

घटकांच्या यादीत ग्लायसीन, टॉरीन अशी सुटी अमिनो आम्लं वर दिसली तर सावध व्हा. प्रथिन मोजायच्या नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजला जातो, आणि ही स्वस्त द्रव्यं घातली की आकडा फुगतो. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून प्रमाण लपवलेलं असेल तर तो डबा परत ठेवा.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलीच पाहिजे. परवाना क्रमांक त्याच प्राधिकरणाच्या फॉसकॉस (FoSCoS) या संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतंय का ते पाहा. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता हवा. झाकणाखालचं सील शाबूत आहे का आणि स्क्रॅच कोड कंपनीच्या साइटवर खरा ठरतो का, तेही बघा. सुटी पावडर, डब्यातून काढून पिशवीत दिलेली पावडर, बिल न देता दिलेला 'इम्पोर्टेड' माल, काहीही घेऊ नका.

एवढी खटपट कशाला, असं वाटत असेल तर हे वाचा. २०२४ मध्ये 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळजवळ ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण खरं नव्हतं, आणि १४ टक्क्यांमध्ये बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं.

फसवणूक झाली तर बिल आणि डबा जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

पायरी ७: एका वेळी एकच

व्हे, क्रिएटिन आणि मल्टिव्हिटॅमिन एकाच सोमवारी सुरू केलं तर पोट कशाने बिघडलं आणि वेळ कशाने सुधारली, हे कधीच कळणार नाही. एक गोष्ट सुरू करा, सहा ते आठ आठवडे चालवा, वहीत वजन, धावण्याची वेळ, झोप आणि पोटाची अवस्था लिहा. फरक नसेल तर बंद करा. नियमित औषधं चालू असतील तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी

राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळत असाल, कुस्ती असो की ॲथलेटिक्स, तर नाडा म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था तुमची चाचणी घेऊ शकते. २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की "लेबलवर लिहिलं नव्हतं" हे कारण पुरत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मदतीने जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट तपासली होती, तेव्हा त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर नसलेली स्टेरॉइड गटातली द्रव्यं सापडली. म्हणून खेळाडूंनी 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' अशी बॅचवार तपासणीची खूण असलेलंच घ्यावं, आणि वापरलेल्या डब्याचा बॅच नंबर लिहून ठेवावा. खूण म्हणजे शंभर टक्के हमी नाही, पण धोका बराच कमी होतो.

लगेच थांबायचं कधी

छातीत धडधड किंवा दुखणं, चक्कर, अंगावर पित्त उठणं, डोळे पिवळे होणं किंवा लघवी गडद पिवळी होणं, सतत उलट्या, यांपैकी काहीही झालं तर सगळी सप्लिमेंट बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. बेसुमार व्यायामानंतर स्नायू कडक सुजले आणि लघवी कोकसारखी काळपट झाली तर सकाळची वाट पाहू नका. स्नायू तुटून किडनीला धोका झाल्याची ती खूण असते, त्याच रात्री रुग्णालय गाठा. जाताना घेत असलेले सगळे डबे पिशवीत घालून सोबत न्या. घाईत नावं आठवत नाहीत, आणि डॉक्टरांना मागची घटकांची यादी वाचायला लागते.